विनिफ्रेडच्या नावाच्या अठ्ठावीस रात्री

३ जून, मंगळवार

पुन्हा कोणीतरी आपल्या चाकांवरच्या घरातल्या संडासाची पेटी झुडपात रिकामी केली. चाळीस पावलांवर त्यासाठी खास खड्डा बांधलेला आहे, त्यावर हाताएवढ्या अक्षरांत पाटी आहे, तरी झुडपात! जन्मभर बँकांत आणि शाळांत मोठ्या खुर्च्यांवर बसलेली ही माणसं. निवृत्त झाल्यावर यांना एवढंही कळू नये? मी फावडं घेऊन गेले, वर वाळू ओढली आणि दहाच्या फेरीत प्रत्येक कॅराव्हॅनच्या दारात उभी राहून खडसावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याने केलं त्यानेही डोलावली असणारच.

फेरीच्या वहीत आज बावीसपैकी एकवीस जागा भरलेल्या. नॉर्दमच्या शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं मी हजेरीपट सांभाळला. कोण आलंय आणि कोण आल्याचं ढोंग करतंय हे मला चेहऱ्यावरून कळतं. म्हणून तर गावच्या कौन्सिलने पर्थच्या उत्तरेचा हा समुद्रकाठचा हॅरियट पॉइंट कॅम्प माझ्यावर सोपवलाय. कागदावर मी 'स्वयंसेवी होस्ट', पगार नाही. संडास धुवायचे, वही भरायची, भांडणं सोडवायची, आणि मुदत संपली की माणसाला बाहेर काढायचं. नियम साधा आहे, मोसमात प्रत्येक व्यक्तीला अठ्ठावीस रात्री. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दहाच्या आत चाकं हलली पाहिजेत.

मला मुदत नाही. कामाचा मोबदला म्हणायचा तर तेवढाच. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जागा क्रमांक एक माझी, समुद्राकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ. डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात कॅम्प बंद असतो तेव्हा मी दक्षिणेकडे असते, इकडे तिकडे. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

९ जून, सोमवार

पाचच्या बैठकीला सतरा खुर्च्या. ज्याने त्याने आपली खुर्ची, आपला पेला, आपलं खाणं आणायचं आणि वारा पडेपर्यंत बसायचं. थेल्मा पिकरिंगने लॅमिंग्टन केक केले होते. तिचा नवरा रस नेहमीप्रमाणे माझी टिंगल करत होता.

"नोरीन, मी उद्या शिंकणार आहे. वहीत लिहून घेतेस?"

"सकाळी दहाच्या आत शिंक," मी म्हटलं. सगळे हसले.

रस आणि थेल्मा सहा वर्षं येतात. रसच्या नावाच्या अठ्ठावीस रात्री पुढच्या आठवड्यात गुरुवारी संपतील. शुक्रवारपासून थेल्माच्या नावाच्या सुरू. सगळी जोडपी हेच करतात. नवऱ्याच्या नावाच्या संपल्या की बायकोच्या, मिळून छप्पन्न. जागा तीच, कॅराव्हॅन तीच, फक्त अर्जावरचं नाव बदलतं. यात मला काही वावगं दिसत नाही. नियमात 'प्रत्येक व्यक्तीला' असं लिहिलंय आणि ती दोन माणसं आहेत. हिशेब सरळ आहे.

थेल्माने विचारलं, "तुझ्या घरातले भाडेकरू कसे आहेत गं?"

"चांगले आहेत. बाग नीट ठेवतात."

"आणि तुझे ते गुलाब?"

"बहरलेत नुसते."

नंतर लक्षात आलं, इकडे जून म्हणजे ऐन थंडी, तेव्हा कुठले बहरायला? पण थेल्मा केक वाटत होती. ती कधीच नीट ऐकत नाही.

१४ जून, शनिवार

तेरा नंबरच्या ऑब्री लॉक्स्टनची मुदत आज सकाळी संपली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त करत फिरला. इथला पाण्याचा पंप त्याने दोनदा चालू करून दिलाय. दर गुरुवारी गावातून सगळ्यांचं टपालही तोच आणतो. माणूस वाईट नाही. पण साडेनऊला जाऊन बघते तर आवराआवरीचं नाव नाही. चहा पीत बसलेला.

"तुझ्याकडेच येणार होतो," म्हणत त्याने अर्ज पुढे केला. नाव, विनिफ्रेड लॉक्स्टन. अठ्ठावीस रात्री.

पूर्वी दोघं यायची हे मला आठवत होतं. बुटकी, बडबडी बाई होती. या वर्षी काही ती दिसली नव्हती. मला वाटलं लेकीकडे वगैरे राहिली असेल, मागून आली असेल.

"विनी आली? कुठाय?"

"आत आहे."

"बोलाव की. सही तिची हवी."

त्याने कपात आणखी चहा ओतला. मग मीच दार ढकललं. आत दोन कप खुंटीला, दोन उशा, दाराशी बायकी सपाता, खिडकीत चष्मा. बाई नाही.

"पाय मोकळे करायला गेली असेल," तो म्हणाला. मी अर्ज ठेवून घेतला. सही उद्या घेईन म्हटलं.

१५ जून, रविवार

थेल्माला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, विनी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेली. तुला माहीत नाही? आम्ही सगळ्यांनी मिळून फुलं पाठवली होती."

मला कोणी फुलांचं विचारलं नव्हतं. तो वेगळा राग.

मेलेल्या बायकोच्या नावावर जागा घेतो! आणि मला, मला तोंडावर सांगतो, पाय मोकळे करायला गेलीय म्हणून. शाळेत पोरं एकमेकांची हजेरी लावायची, त्यांना मी दाराबाहेर उभं करायची. पण मेलेल्या माणसाची हजेरी लावायची हिंमत एकाही पोराने केली नव्हती. दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

१६ जून, सोमवार

गेले. सरळ विचारलं, "ऑब्री, लाज नाही वाटत तुला?"

"वाटते की. पण लाज वाटून जागा थोडीच मिळते?"

"अरे, ती हयात नाही आणि तू तिच्या नावाने..."

"गेल्या वर्षी चाललं ना. तेव्हा तू सही नव्हती मागितलीस."

म्हणजे गेल्या वर्षीही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात मी त्या बाईला अठ्ठावीस रात्री जिवंत ठेवलं होतं.

मी म्हटलं, "नियम एकट्याला अठ्ठावीस रात्रींचा आहे. संपल्या. नीघ."

तेव्हा तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "विनी होती तेव्हा आम्हाला छप्पन्न मिळायच्या. रस-थेल्माला आजही छप्पन्न. माझी बायको गेली म्हणून माझी मुदत निम्मी? हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? जाताना ती कपाटातले कपडे सोडून गेली, भांडी सोडून गेली, मग तिच्या अठ्ठावीस रात्रीच तेवढ्या बरोबर घेऊन गेली का?"

"घरी जा. तिथे कोणी रात्री मोजत नाही."

"कुठल्या घरी? ही चाकं हेच घर. तुला काय सांगायचं, नोरीन? तुझंही तेच आहे."

"माझं घर आहे! नॉर्दमला!"

"असेल. तीन वर्षं टपाल मी आणतोय. नॉर्दमहून तुला एक चिठोरं आलेलं मी पाहिलं नाही."

मी काय बोलले ते लिहीत नाही. आजूबाजूच्या चार कॅराव्हॅनमधली माणसं बाहेर आली एवढं खरं. स्वतः लबाडी करायची आणि वर दुसऱ्याच्या टपालात नाक खुपसायचं! अक्षर वाकडं येतंय. म्हणे तुझंही तेच आहे. माझं काय तेच आहे? मी इथे नेमलेली आहे. नेमलेलं माणूस आणि घुसलेलं माणूस यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी बोलायचं तरी काय?

१७ जून, मंगळवार

कौन्सिलला पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं, दोनदा फाडलं. पहिल्या दोन्हींत ऑब्री फार आला होता. शेवटच्यात फक्त मुद्दा ठेवला. नावं बदलून लोक मुदत कशी वाढवतात ते लिहिलं. उपायही लिहिला. शेवटचं वाक्य मला फार आवडलं म्हणून इथे उतरवून ठेवते. "मुदत माणसाला नव्हे, वाहनाला लावावी, आणि कॅम्पवर राहणाऱ्या कोणालाही, कोणत्याही नावाने, कोणत्याही सबबीवर सूट देऊ नये."

हेडमास्तर असते तर म्हणाले असते, टकवेल बाई, पत्र लिहावं तर तुम्ही.

जोडप्यांनाही हे लागू होईल हे लिहिताना मनात आलं. थेल्माचा चेहरा आला डोळ्यांसमोर. पण त्या ऑब्रीने तोंडावर फेकलं होतं ना, रस-थेल्माला छप्पन्न म्हणून? घे मग. सगळ्यांना एकच माप.

टपाल नेणारा तोच, त्यामुळे पत्र घेऊन स्वतः गावात गेले. एकशे दहा किलोमीटर, निम्मा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत. हिरड्यांतून दात निघतील असं वाटलं.

२१ जून, शनिवार

ऑब्री हलत नाही असं मी कळवलं होतं, म्हणून आज कौन्सिलची रेंजर ब्रॉनी आली. पंचविशीतली मुलगी, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा. ऑब्रीशी दहा मिनिटं बोलली आणि डोळे पुसत बाहेर आली. या मुलींना कामावर घेतात तरी कशाला? काम करायचं तर डोळे कशाला पुसायचे?

ऑब्रीने कॅराव्हॅन जोडली. आधी सगळी जागा झाडली, शेगडीची राख उचलली, दोरीचे खुंट उपटून भोकं पायाने बुजवली. तेरा नंबर कोणी राहून गेल्यासारखा वाटेना. लोक निरोप द्यायला उभे राहिले. नेहमी गाडी निघाली की सगळे चमच्याने पातेली वाजवतात, इथली तशी पद्धतच आहे. आज कोणी वाजवली नाही.

माझ्यासमोर त्याने गाडी थांबवली, काच खाली केली. मी कंबर कसून उभी होते. त्याने विचारलं, "दक्षिणेच्या थांब्यावर पाण्याचा नळ आहे का गं अजून?"

"नाही. गेल्या वर्षीच काढला. इथूनच भरून घे."

"भरलंय," म्हणाला आणि गेला.

बरोबर केलं मी. अगदी बरोबर केलं. आता तरी पाचच्या बैठकीत लोकांनी थोडं बोलावं माझ्याशी. रसने आज एकही विनोद केला नाही.

२७ जून, शुक्रवार

पाण्याचा पंप बंद. एकवीस कॅराव्हॅन आणि पंपातलं एकालाही काही कळत नाही. रसने तासभर पाना फिरवला आणि पंपाचाच एक नट वाळूत हरवला. कौन्सिलचा माणूस सोमवारी येणार. दिवसभर लोक माझ्या दाराशी येऊन म्हणतात, "ऑब्री असता तर..." मी म्हणते, ऑब्री नाहीये, घागरी आणा.

टपाल आणायला आता मीच जाते. कालच्या टपालात कौन्सिलचं पत्र होतं! "आपल्या सूचना अत्यंत उपयुक्त असून येत्या बैठकीत मांडण्यात येतील." दोनदा वाचलं. 'अत्यंत' लिहिलंय. माझा नवरा कीथ असता तर फ्रिजवर चिकटवलं असतं. मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

४ जुलै, शुक्रवार

काय लिहू? क्रमानेच लिहिते.

सकाळी ब्रॉनी नवी नोटीस देऊन गेली. घाईत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. मी पहिल्या चार ओळी वाचल्या. "एका वाहनास मोसमात अठ्ठावीस रात्री." माझंच वाक्य! जवळजवळ शब्दशः. छाती भरून आली. चार टाचण्या लावून नोटीस फलकावर लावली, सरळ आहे ना म्हणून मागे सरकून बघितली.

अर्ध्या तासात थेल्मा आली. तोंड लाल.

"हे तू केलंस?"

"नियम सगळ्यांना सारखा..."

"सहा वर्षं, नोरीन! तू आजारी होतीस तेव्हा मी तुझे संडास धुतले. आम्ही उद्या सकाळी निघायचं? रसचा गुडघा सुजलाय."

"मी कोणाचं नाव लिहिलं नव्हतं."

"नाहीच लिहिलंस. तेच तर. स्वतःचंही नाही लिहिलंस." मग तिने माझा दंड धरला आणि मला फलकासमोर नेऊन उभं केलं. "शेवटपर्यंत वाचलंस का? वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. मोठ्याने नाही. "हा नियम कॅम्पवर राहणाऱ्या सर्वांस, स्वयंसेवी होस्टसह, लागू राहील. कोणत्याही सबबीवर सूट दिली जाणार नाही."

होस्टसह.

मला वाटलं थेल्मा हसेल. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अगं वेडे," आणि निघून गेली.

मी वीस एप्रिलपासून इथे आहे. मोजून काही उपयोग नाही. तरी मोजलं. पंच्याहत्तर रात्री.

७ जुलै, सोमवार

टेकडीवर चढले, मोबाइल तिथेच लागतो. कौन्सिलमधला कोणीतरी तरुण पोरगा बोलला. फार गोड बोलला. होस्ट आता दर अठ्ठावीस दिवसांनी बदलणार, नवं जोडपं रविवारी तेरा तारखेला येणार, आपण इतकी वर्षं केलेल्या सेवेबद्दल कौन्सिल आभारी आहे.

"पण ते पत्र मी लिहिलं होतं!" मी ओरडले. "मीच!"

"हो मॅडम, फाइलवर आहे. आपणच सुचवल्याप्रमाणे आम्ही कोणालाही सूट ठेवलेली नाही."

"मी माझ्याबद्दल नव्हते लिहिलं, गाढवा!"

त्याने कागद चाळले. मग म्हणाला, "मॅडम, 'कॅम्पवर राहणाऱ्या कोणालाही' असं आपल्याच पत्रात आहे."

मी दगडावर बसले. खाली समुद्रात देवमासे पाणी उडवत उत्तरेकडे चालले होते. मोसमातले पहिले. एरवी मी धावत जाऊन सगळ्यांना ओरडून सांगते. आज नाही सांगितलं. बघतील ते आपलं आपण.

८ जुलै, मंगळवार

पुन्हा टेकडी. कर्टिसला फोन केला.

माझ्या मुलाबद्दल इथे मी फार लिहीत नाही. आज लिहिते. कीथ गेल्यावर नॉर्दमचं घर मी कर्टिसच्या नावावर केलं. तोच म्हणाला होता, आई, कागदपत्रांचा ताप तुझ्या डोक्याला नको, मागची खोली तुझीच. वर्षभरात त्याने घर विकलं आणि पर्थजवळ नवीन घेतलं. त्यात मागची खोली नव्हती. म्हणजे होती, पण तिथे सुनेची, मिशेलची शिलाई. मी म्हटलं, मला काय, माझी कॅराव्हॅन आहे, मला फिरायचंच होतं. आणि सगळ्यांना सांगत सुटले की घर भाड्याने दिलंय. त्या विकत घेणाऱ्यांनी गुलाब उपटून टाकले. मी गाडीतून जाताना बघितलंय.

तर फोन. मी म्हटलं, "कर्टिस, थोडे दिवस तुमच्याकडे यावं म्हणते."

"अगं आई, ये की! ये ना!" लगेच म्हणाला. खरंच लगेच. मला हायसं वाटलं. मागे मिशेल काहीतरी बोलली. मग त्याने विचारलं, "साधारण किती दिवस राहशील?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे तसं नाही गं. फक्त अंदाज. म्हणजे आम्हाला ठरवायला बरं."

पोटच्या पोराने मला हे विचारावं! हाच प्रश्न मी वर्षानुवर्षं अर्जावर लोकांना विचारत आले. किती रात्री? आकडा लिहा. आकड्यात लिहा. किती निर्लज्ज प्रश्न आहे हा, ते आज कळलं. आणि राग तरी कोणावर काढू? त्याला लहानपणी वेळापत्रक कोणी शिकवलं?

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला. खाली उतरताना पाय घसरला, गुडघा खरचटला. त्याचाही राग आला.

१३ जुलै, रविवार

नवं जोडपं आलं. पार व्हिक्टोरिया राज्यातली माणसं, दोघांच्या एकसारख्या टोप्या. मी किल्ल्या दिल्या, वही दिली, पंपाचा आवाज बदलला तर काय करायचं ते सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्ही संध्याकाळपर्यंत असाल." तिच्या नवऱ्याने हळूच घड्याळ बघितलं. पावणेदहा. हुशार आहे, शिकेल.

मी जागा क्रमांक एक झाडली. भोकं बुजवली. कपाटाच्या दाराचं ते 'अत्यंत उपयुक्त' वालं पत्र फाडून कचऱ्यात टाकलं, मग उचलून आणखी बारीक फाडलं. थेल्मा आणि रस आठवड्यापूर्वीच गेले. निघताना पाच नंबरच्या म्हातारीने पातेलं वाजवलं. तिला काही माहीत नाही, तिला ऐकू येत नाही. तरी तिने वाजवलं, म्हणून मी हात केला.

पर्थचा रस्ता दक्षिणेला. साठ किलोमीटरवर हायवेचा थांबा आहे. खडी, एक सिमेंटचं टेबल, एक कचरापेटी आणि चोवीस तासांहून जास्त थांबू नये अशी पाटी. पुढे जायचं होतं. पण वळले. तिथे ऑब्रीची क्रीम रंगाची कॅराव्हॅन उभी. तो टेबलावर कांदा परतत होता.

तीन आठवडे तो हेच करतोय. आज या थांब्यावर, उद्या सत्तर किलोमीटरवरच्या, परवा पुन्हा इथे. चोवीस तास, चोवीस तास. ट्रक गेला की सगळं हादरतं.

"ये, बस," तो म्हणाला. "कांदा जास्त झालाय."

मी बसले. तो सॉसेज परतू लागला. मी टोमण्याची वाट बघत होते. पहिलं सॉसेज संपलं, दुसरं संपलं, त्याचं आपलं पवनचक्क्यांचं चाललेलं. शेवटी मलाच राहवेना.

"बोल ना एकदाचं!"

"काय?"

"हेच, की माझ्याच पत्राने मला बाहेर काढलं. तुला कळलंय, इथे सगळ्यांना सगळं कळतं."

"कळलंय ना. मग मी कशाला बोलू? खा, गार होतंय."

या माणसाला भांडताही येत नाही. मी ताटली आपटली आणि सांगून टाकलं, घर नाही म्हणून. भाडेकरू नाहीत, गुलाब नाहीत. तीन वर्षं झाली. एवढं मोठ्याने सांगितलं की कचरापेटीवरचे कावळे उडाले.

तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "विनीलाही सांगायला जड जायचं. ती सांगायची, आमचं घर रंगवायला काढलंय. अकरा वर्षं रंग चालला होता."

मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्हीचा राग आला.

१४ जुलै, सोमवार

अकराला ब्रॉनीची गाडी आली. मला बघून तिचा चेहरा पडला. ऑब्रीने हात केला आणि लगेच उठला, खुर्ची मिटू लागला. त्या दिवशी तेरा नंबरवर जसा आवरत होता अगदी तसाच.

मला त्याचा इतका राग आला! नियमाचा नाही, ब्रॉनीचा नाही, त्याचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, अर्ध्या प्रांताच्या पवनचक्क्या यानेच फिरत्या ठेवल्या, आणि एका पोरीने वही उघडली की हा खुर्ची मिटतो. मीच त्याला मिटायला लावली होती. माहीत आहे मला.

"ऑब्री, बस खाली."

"अगं, पुढच्या थांब्यावर..."

"बस म्हणते ना!"

मी माझी खुर्ची कॅराव्हॅनसमोर उघडली आणि तिच्यात बसले.

ब्रॉनी जवळ आली. "नोरीन, प्लीज. चोवीस तास होत आलेत. ऑब्रीचे तर झालेच. मला लिहावं लागेल हो."

"लिही ना. मी एकतीस वर्षं लिहीत होते. लिहावं लागतं हे मला माहीत आहे. काढ पेन."

"नंतर नोटीस येते, मग दंड..."

"पेन काढ, ब्रॉनी."

तिने काढलं. नाव तिला माहीत होतं, तरी मी अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. वय एकाहत्तर. व्यवसाय विचारला, म्हटलं, लोकांना बाहेर काढणे, आता बंद.

"घरचा पत्ता?" तिने खाली बघत विचारलं. "नोटीस पाठवायला."

"हाच."

"हाच म्हणजे?"

"तो रस्त्याकडेचा किलोमीटरचा खांब दिसतोय? त्यावर आकडा आहे. तो लिही."

ती खांबाकडे बघत राहिली. एक लांबलचक ट्रक गेला, सगळ्यांच्या तोंडात धूळ. धूळ बसली तेव्हा ऑब्रीने मिटलेली खुर्ची पुन्हा उघडली होती आणि माझ्या शेजारी आणून ठेवली होती. तो सावकाश खाली बसला, गुडघे धरून.

"माझाही तोच लिही," तो म्हणाला.

ब्रॉनीने दोघांचाही लिहिला.